कार्ड बंद करायचं तर आईचं नाव सांगा

…नाही नाही, तुम्ही मला आधी एवढंच सांगा, माणसाला स्वतःच्या आईचं नाव माहीत असतं की नसतं? असतं ना? मग मी काय वेगळं म्हणतोय? पण नाही. फोनवरची ती मुलगी मला बापाक, म्हणजे साहेब म्हणून, इतक्या गोड आवाजात सांगते, "क्षमा करा हं, बापाक वागियो, आईचं नाव जुळत नाही." आता आई इथे माझ्या शेजारी बसलीये, तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खातीये, मधूनमधून माझ्याकडे बघतीये, आणि म्हणे जुळत नाही. मला फक्त कार्ड बंद करायचं होतं हो. पत्रिका जुळवायची नव्हती.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मांडववाला एवढा का तापलाय. तर धंदा आपला मांडव-खुर्च्यांचा, इथेच सोलो शहरात. लग्न असो, बारसं असो, मयताचा सातवा दिवस असो, माणसं बसणार कशावर? माझ्या खुर्च्यांवर. त्या खुर्च्या सगळ्या घराच्या खालच्या मजल्यावर, जमिनीपासून छतापर्यंत, आणि आम्ही माणसं वर. मधला जिना असा उभा की शिडी बरी. आणि आईचे गुडघे गेलेले. गेल्या ईदला आख्खी गल्ली वर येऊन तिच्या पाया पडून गेली, ही आपली नवरीसारखी खुर्चीत बसून. रात्री मला म्हणाली, "वागियो, सगळे आले रे. पण मला कुणाच्या दारात जाता येत नाही. मरायच्या आधी एकदा पाय जमिनीला लागले तर बरं." झालं. आता हे ऐकल्यावर माणसाला घास गिळवतो का? खुर्च्या खाली आणि आई वर, हे बरं दिसतं का?

म्हणून घर बघितलं. कालव्यापलीकडे, छोटंसं, पण खाली एक खोली, खोलीला दार, दाराबाहेर सपाट अंगण. इसार दिला. घरमालक घाईत, कारण दुसरं एक गिऱ्हाईक टपलेलं, ते खिडक्या बुजवून घरात पाकोळ्या पाळणार होतं, त्यांची घरटी सुपासाठी महाग विकली जातात ना. मी म्हटलं पाकोळ्यांच्या आधी माझी आई. कर्जाला गेलो, तर तिथली बाई संगणकात बघून म्हणते, "बापाक, तुमच्या नावावर तीन जुनी क्रेडिट कार्डं उघडी दिसतायत. ती बंद केल्याची पत्रं शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर कर्ज पुढे सरकत नाही." मी म्हटलं, अहो, मी ती कधी वापरलीसुद्धा नाहीत. तर म्हणते, "म्हणूनच बंद करा ना."

आता तुम्ही विचाराल, वापरायची नव्हती तर घेतली कशाला? अहो, मी घेतली नाहीत, ती मला मिळाली. मॉलमध्ये त्या मुली टेबल टाकून उभ्या असतात बघा, हातात भाताचा कुकर, "बापाक, नुसतं नाव लिहायचं, कुकर फुकट." आता आमच्या सोलोत तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. कुणी काही म्हटलं की हसायचं, मान हलवायची, "बरं, बघू" म्हणायचं आणि हळूच निघायचं. पण मी "बघू" म्हणेपर्यंत तिनं पेन हातात दिलेलं. दुसऱ्या वेळी चाकांची बॅग. तिसऱ्या वेळी बाजारात छत्री. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. कार्डं आली तशी बिस्किटाच्या डब्यात गेली, सुयादोऱ्यांबरोबर, आणि मी ती विसरलो. बँक कसली विसरतेय.

बरं, सोमवारी सकाळी बसलो फोन घेऊन. आई म्हणाली, "मोठ्यानं लाव, मलाही ऐकू दे, माझ्या खोलीचं काम आहे." लावला. पहिली बँक. आधी बासरी. मग बाई. मग पुन्हा बासरी. मग ही मुलगी, नाव सांगितलं विडुरी. "खात्री करण्यासाठी आईचं नाव सांगाल का?" मी म्हटलं, सुकिना. "क्षमा करा, जुळत नाही."

आता यातली गोम तुम्हाला सांगतो. आईचं जन्माचं नाव सुकिना नाहीच. आजोबा होते तेंपे विकणारे, पण हौस राजवाड्याची, मुलीचं नाव ठेवलं रेत्नानिंग्रुम. मुलीला ते पेललं नाही. सारखी आजारी. जाणत्यानं सांगितलं, नाव जड झालंय, उतरवा. उतरवलं, सुकिना ठेवलं, पोर बरी झाली. पुढे लग्न झालं, माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे मोठेपणाचं नवीन नाव घेतलं, हार्जोवियोनो, तर ही झाली इबू हार्जो, म्हणजे हार्जोबाई. मग मी झालो, तर गल्लीत ही वागियोची आई. आमच्याकडे नाव म्हणजे सदरा हो, वाढत्या अंगाला बदलायचा. आणि बँकेत एकच चौकट. मी कुठल्या वर्षी कुठला सदरा लिहिला, मला काय आठवतंय?

आई शेजारून म्हणाली, "हार्जो सांगून बघ." सांगितलं. जुळलं. मी म्हटलं चला. तर विडुरी म्हणते, "पण बापाक, बंद कशाला करता? मी फी आयुष्यभर माफ करते. वर एक प्रवासाची उशी पाठवते." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बरं, बघू." सवय हो. ती म्हणते, "म्हणजे चालू ठेवते." अरे देवा. मला फक्त कार्ड बंद करायचं होतं, आणि माझ्या नावावर उशी निघाली.

आईनं फोन ओढला. मला वाटलं, आता ही खडसावणार. तर ही विचारते, "जेवलीस का गं?"

"नाही अजून, इबू."

"गाव कुठलं तुझं?"

"क्लातेन."

"अगं, क्लातेनला माझी नणंद. बरं, मला सांग, एखाद्यानं कार्ड बंद केलं तर तुला कुणी बोलतं का?"

मुलगी हळूच म्हणाली, "बोलतात, इबू. महिन्याच्या शेवटी मोजतात, कुणाच्या हातून किती बंद झाली."

आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे रे वागियो. पोरीला बोलणी कशाला?"

मी म्हटलं, आई, तुझी खोली!

"खोलीचं काय, हे गुडघे घेऊन मी इतकी वर्षं राहिलेच आहे वर."

आता काय बोलायचं? घर कुणासाठी, धावपळ कुणासाठी, आणि ही क्लातेनच्या पोरीसाठी जिन्यावर राहायला तयार. शेवटी त्या पोरीलाच रडू आलं. म्हणाली, "इबू, तुमचे गुडघे दुखतात का? माझ्या आजीचेही दुखायचे. मी करते बंद. जाऊ दे, बोलतील थोडं." पत्र फोनवरच आलं. पुढचा अर्धा तास दोघी क्लातेनबद्दल बोलत होत्या. माझ्या फोनवर.

मंगळवारी दुसरी बँक. इथे एक मुलगा, अगदी सरळ रेषेत बोलणारा. आईचं नाव? मी शहाणा झालेलो, म्हटलं हार्जो. जुळत नाही. सुकिना. जुळत नाही. आई इकडे चुळबुळायला लागली. मग कानाजवळ येऊन म्हणते, "रेत्नानिंग्रुम असेल. बॅग मिळाली त्या दिवशी मी होते ना तुझ्याबरोबर, गुडघे तेव्हा बरे होते. त्या बाईनं मलाच विचारलं. आता एवढ्या मोठ्या मॉलमध्ये सुकिना काय सांगायचं?" म्हणजे जे नाव पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नाही नीट, ते बॅगवालीला सांगितलं. तो मुलगा म्हणतो, "बाजूला कोण बोलतंय? उत्तर फक्त कार्डधारकानं द्यायचं."

आई म्हणाली, "बाळा, माझंच नाव आहे ते."

"असेल, इबू, पण तुम्हाला ते सांगता येणार नाही."

ऐकलंत? बाईला स्वतःचं नाव सांगायची बंदी. आईनं तेंपेचा तुकडा खाली ठेवला. मी घाईघाईनं सांगितलं, रेत्नानिंग्रुम, जुळलं, आणि या वेळी "बघू" न म्हणता जीभ चावून बसलो. बंद झालं. दिवसभर आई स्वतःशीच ते नाव म्हणत होती. जड होतं म्हणे, पण बरं वाटतं कानाला.

राहिलं तिसरं. छत्रीवालं. बुधवारी आईसमोर फोन लावला, तिन्ही नावं सांगून झाली, एकही जुळलं नाही. तिथली बाई म्हणाली, "आता उद्या एकदाच विचारता येईल. चुकलं तर खातं अडकेल, मग जकार्ताच्या कचेरीत या." शुक्रवार परवावर आलेला. आई म्हणाली, "आठव रे. आणखी कुठलं नाव आहे माझं?"

आणि मला आठवलं. पण मी तिला सांगितलं नाही. कारण ते तिचं नाव नव्हतंच.

कसं सांगू तुम्हाला… वडील ज्या वारी जन्मले त्याच वारी मी जन्मलो. आमच्याकडे हे वाईट, बापलेक एकमेकांना भारी पडतात. उपाय एकच, बाळ सुपात घालून केरात ठेवायचं, शेजारणीनं झाडताझाडता "अगंबाई, सापडलं" म्हणत उचलायचं, आणि आईनं चार नाणी देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. मला उचललं शेजारच्या बुदे सुलास्त्रीनं. बुदे म्हणजे थोरली मावशी, रक्ताची नाही, भिंतीची. ती मला अजूनही तेमोन म्हणते, म्हणजे सापडलेला. छत्रीच्या दिवशी बाजारात तीच माझ्याबरोबर होती. मुलगी विचारते, आईचं नाव? आणि ही माझ्या तोंडाकडे बघत उभी. आता तिच्या देखत दुसरं नाव सांगवतं का? मी सांगितलं, सुलास्त्री. ती घरापर्यंत छत्री उघडून चालली, ऊन नसताना.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आईचं नि तिचं वाजलं. आईचं पितळी पातेलं तिनं लग्नाला नेलं आणि चेपवून आणलं. तेव्हापासून एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघी, शब्द नाही. आणि मी आता आईसमोर बसून, मोठ्यानं लावलेल्या फोनवर सांगू, की माझी आई सुलास्त्री? मला फक्त कार्ड बंद करायचं होतं. आई बदलायची नव्हती.

गुरुवारी मी म्हटलं, आई, खुर्च्या मोजून येतो. खाली गेलो, खुर्च्यांच्या मागे उभा राहून फोन लावला. बाई म्हणते, "बापाक, आवाज येत नाही." पुढे सरकलो. "तुटतोय." दारात आलो. हळूच म्हटलं, सुलास्त्री. "काय म्हणालात?" सुलास्त्री. "परत एकदा, स्पष्ट, ही शेवटची वेळ आहे." मग मी ओरडलो हो. खोली जाईल, घर जाईल, पाकोळ्या येतील, मग काय करू? सगळ्या गल्लीत घुमलं… आईचं नाव सुलास्त्री!

पलीकडून भिंतीआडून आवाज आला, "काय रे तेमोन? काय झालं?"

आणि फोनवरची बाई म्हणाली, "जुळलं. धन्यवाद, बापाक."

मी वर बघितलं. जिन्याच्या टोकाशी आई उभी होती, कठडा धरून. एवढ्यात बुदे दारात, हात पुसत. वर एक, खाली एक, मध्ये मी. मग आई म्हणाली, "वर ये."

"गुडघे दुखतात माझे," बुदे म्हणाली.

"मला खाली येता येत नाही."

मी म्हटलं, निदान बसा तरी. खुर्च्यांना काय तोटा. एक वर दिली, एक खाली ठेवली.

बुदे म्हणाली, "पातेलं मी नव्हतं चेपवलं. आचाऱ्यानं पाडलं."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"मग?"

आई म्हणाली, "वागियोला उचलायचं होतं त्या दिवशी तू आधी तुझं आख्खं अंगण झाडलंस. माझं बाळ केरात रडत होतं, आणि तू कोपरे झाडत होतीस."

बुदेनं बाहीनं डोळे पुसले. "अगं, उचललं की लगेच परत द्यायचं होतं ना. मला कुठे होतं एखादं? म्हटलं, अजून थोडं झाडते, तेवढंच ते माझ्या अंगणात राहील."

आई रडली. बुदे रडली. मी मधल्या पायरीवर, हातात फोन. त्यात ती बाई विचारते, "बापाक, कार्ड बंद झालं, पत्र पाठवलंय, आणखी काही मदत करू का?" मी म्हटलं नको.

शुक्रवारी तिन्ही पत्रं दिली. कर्ज झालं, सह्या झाल्या, किल्ली मिळाली. संध्याकाळी आईला म्हटलं, चल, सामान बांधू, तुझी खोली तयार आहे, अंगण आहे, पाय जमिनीला लागतील. तर म्हणते, "कालव्यापलीकडे? तिथून सुलास्त्रीकडे कशी जाऊ मी? मला इथेच खाली ठेव."

इथे खाली जागा कुठाय, आई? इथे माल आहे.

"तो ने की तिकडे."

आता मी नाही म्हणणार का? तुम्ही मला इतका वेळ ऐकताय, तुम्हीच सांगा. तर सध्या आई खाली राहते, उंबरठा ओलांडला की बुदेचं दार, दोघी दिवसभर अंगण झाडतात. आणि तिकडचा हप्ता मी भरतोय, माझे केस पिकून गळेपर्यंत भरणार. लोक विचारतात, वागियो, नवीन घर घेतलंस म्हणे, कधी बोलावतोस? मी म्हणतो, या की कधीही. बसायची सोय उत्तम आहे.