तेरावा अर्ज

—तेच तर सांगतोय ताई, केंद्रातली अर्जाची खिडकी पाचला बंद होते, आत्ता कुठे साडेचार झालेत, बसा निवांत. द्या तो कागद इकडे. वाचायची गरज नाही हो, मला सगळं पाठ आहे. हा ठेवला बघा कपाखाली, पंखा फार वारा मारतो. आता मी विचारेन तेवढंच सांगायचं — धंदा कसला? धार लावायचा? म्हणजे सुऱ्या-कात्र्या? बरं. चालेल, धंदा काहीही असला तरी चालतो, अर्ज एकच असतो. हसू नका, बाहेरची पाटी वाचलीत ना? ‘उद्योग साहाय्य योजनेचे अर्ज खात्रीशीर भरून मिळतील.’ ती खात्री काय उगाच? पाच वर्षांत या रस्त्यावर जेवढी म्हणून नवी दुकानं उघडली, त्यांची स्वप्नं या कॉम्प्युटरवर टाइप झालीत.

योजना कशी निघाली माहितीये? आपलं हे शहर सकाळी उठतं, डबा घेतं आणि कामाला मोठ्या शहरात जातं, रात्री इथे येतं ते फक्त झोपायला. पालिकेच्या उशिरा लक्षात आलं, की दिवसभर इथे म्हातारी माणसं आणि कुत्रीच उरतात. मग ठरलं, इथेच धंदे वाढवायचे. वाढवायचे म्हणजे काय? आधी उद्योग केंद्र बांधलं. मग केंद्राला काचेचं दार. मग सगळ्या दुकानांना एकाच निळ्या रंगाच्या पाट्या — आता दाढी करायला निघालेला माणूस शिंप्याकडे शिरतो. मग तीन दिवसांचं प्रशिक्षण. जन्मात काडेपेटी न विकलेला एक माणूस कोट घालून आला आणि आमच्या न्हाव्याला शिकवायला लागला, की गिऱ्हाइकाशी गप्पा कशा माराव्यात. न्हाव्याला, ताई. तो बिचारा तीन दिवस गप्प बसला, आयुष्यात पहिल्यांदा.

तर अर्ज. पहिला अर्ज मी बेकरीवाल्याचा लिहिला, खरंच मेहनत घेऊन. ‘लहानपणापासून माझे स्वप्न होते’ इथून सुरुवात, ‘परिसराच्या विकासात माझा खारीचा वाटा’ इथे शेवट. पास झाला. मग चांभारकाका आले. आता नव्यानं कोण लिहितंय? पाव काढला, चप्पल घातली, नाव बदललं, दिला छापून. आणि महिन्यानं मला काका दाखवतात — त्यात आपलं तसंच राहिलेलं, की आमचा माल रोज पहाटे ताजा भाजला जाईल आणि शिळी चप्पल दुसऱ्या दिवशी विकली जाणार नाही. मला वाटलं, मेलो. तर कसलं काय, मंजूर. वर केंद्रातल्या साहेबांचा शेरा, ‘दर्जाबाबत जागरूक.’ तेव्हाच मला कळलं, हे साहेब अर्ज वाचत नाहीत, हातात घेऊन वजन बघतात. मग मी कशाला वाचू? सायकलवाला, सलूनवाला, कुलपं दुरुस्त करणारा — बारा झाले. बाराही मंजूर. ‘शिळा माल’ प्रत्येकात आहे. मी काढलाच नाही तो, म्हटलं, शुभ आहे.

—तेरावा? तेरावा नाही झाला. का म्हणजे, नवीन बाई आल्या ना केंद्रात. त्या वाचतात. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. जुने बारा तर मंजूर होऊन गेलेले, टेबलावर होता तेरावा. त्यांनी जुन्या फायली काढल्या, शेजारी शेजारी मांडल्या, आणि तेराव्यावर लिहिलं, ‘नक्कल. अर्जदारास स्वतःच्या धंद्याची माहिती नाही.’ तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही, असा शिक्का. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

कुणाचा होता ते कशाला हवंय तुम्हाला? होता एकीचा. दप्तरांच्या, बॅगांच्या चेन बसवून द्यायचा धंदा करायचा होता तिला. आता ऐका गंमत — ही बाई तीन आठवडे शाळेच्या फाटकाशी उभी होती, कशाला, तर मुलांच्या दप्तरांच्या बिघडलेल्या चेन मोजायला. शंभरात एकतीस. शिपायानं हटकलं तर म्हणाली, मी भविष्य मोजतेय. अशी बोलायची. लहानपणापासून अशीच, आईनं एक सांगावं आणि हिनं त्यावर दोन प्रश्न विचारावेत. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा, तेव्हा दप्तर घ्यायचं आणि सोमवारी प्रार्थनेआधी परत द्यायचं, म्हणजे मुलाचं काही अडत नाही — हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं, आणि मला म्हणाली, दादा, फक्त टाइप करून दे.

हो. दादा म्हणाली. धाकटी बहीण आहे, मग काय म्हणेल?

मी काय केलं? जे सगळ्यांचं केलं तेच. म्हटलं, तुला काय कळतं यातलं, बारा पास झालेत माझ्या हातचे. कागद ठेवला बाजूला, पाव काढला, चेन घातली. तिनं सही करताना विचारलंसुद्धा, दादा, मी लिहिलेलं आलंय ना सगळं? मी म्हटलं, हो गं. वाचलाच नव्हता मी तिचा कागद. नंतर वाचला, शिक्का बसल्यावर. चांगला होता, ताई. माझ्यापेक्षा चांगला होता. नव्या बाईंनी तो वाचला असता ना, तर खुर्चीवरून उठून तिला गाळा दाखवायला गेल्या असत्या.

तिनं केंद्रात माझं नाव नाही सांगितलं. सांगितलं असतं तर हे दुकान बंद झालं असतं. आता ती लांब एका बॅगांच्या कारखान्यात आहे. दिवसभर चेन बसवते — फक्त चेन, बॅग पुढे कुठे जाते तेही दिसत नाही. फोन आईला येतो. मी जवळ असलो की आई म्हणते, घे, बोल, आणि तोवर तिकडून ठेवलेला असतो. तिचा कागद आहे ना या खणात. हा बघा. मधोमध गोल डाग दिसतोय? तो चहाचा. माझाच कप होता—

थांबा. उचलतो, उचलतो तुमचा कागद. लागलाच डाग.

—हे तुम्ही लिहिलंय? ‘कात्री बोथट झाली की शिंपी आधी बायकोवर चिडतो, मग कापडावर, मग गिऱ्हाइकावर. म्हणून मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाईन.’ आणि ही यादी — सतरा शिंपी, नऊ सलून, सलून बंद असेल त्या दिवशी त्यांच्या कात्र्या घेऊन येणार. सगळ्यांकडे जाऊन आलात? पायी?

नाही. मी टाइप करणार नाही. अक्षर वाईट आहे तर असू दे, वाचता येतंय. हाच द्या, असाच, डागासकट. झेरॉक्सही नको. सरकारी कागदाला पोच मागतात तेवढी मागून घ्या. डागाचं विचारलं तर सांगा, एका शहाण्यानं कप ठेवला. काय द्यायचं? काही नाही. ठेवा ती पर्स आत. पाचला दहा कमी आहेत, उठा.

आणि जाता जाता बाहेर अर्ज टाइप करून घ्यायला उभ्या असलेल्या त्या माणसाला सांगा, मशीन बिघडलंय म्हणून.