अण्णांच्या तोंडी घातलेली वाक्यं

अध्यक्ष महाशय, आणि शुक्रवार पेठेतल्या, गिरण्यांतल्या, नाटक मंडळींतल्या सगळ्यांनो,

बसप्पाअण्णांना जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. बोलणं जड जातंय. खरं सांगते, दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग आहे. मघापासून मी खुर्चीत चुळबुळ करत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, पाणी देऊ का. मला पाणी नको होतं, हा माईक पाहिजे होता.

मी कॉन्व्हेंटात शिकले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं सिस्टर सांगायच्या. गेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललं तर चालतं, असं कोणी सांगितलं नव्हतं. पुढं सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ट्रंककॉलवर ऐकू येत नसलं की इकडचं वाक्य तिकडं मी पोचवायचे. मरणाची बातमी, बाळंतपणाची बातमी, नवरा-बायकोचं भांडण. जसंच्या तसं. त्यात स्वतःचा शब्द कधी घातला नाही.

म्हणून विचारते. इथं जो उठला तो अण्णांची वाक्यं सांगून गेला. म्हणे, अण्णा म्हणायचे, रंगभूमी माझी आई. कधी म्हणायचे? अण्णा म्हणायचे, कलावंताला घर नसतं. कुणाला म्हणायचे? मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, आयुष्य गेलं तिथं. अण्णा म्हणायचे, जिन्यात बादली कुणी ठेवली?

हसू नका. हसा, हरकत नाही. पण पुढचं हसण्यासारखं नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी आत्ता ठराव वाचला. त्यात आहे की आपल्या दोन खोल्यांत नाट्यमंडळानं स्मारक करावं, ही अण्णांची अंतिम इच्छा होती. तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दोन खोल्यांत चंद्राबाई राहतात. अण्णांच्या पत्नी. त्या तिकडं तिसऱ्या रांगेत, खांबाआड बसल्यात. व्यासपीठावर त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांचं काय, असं मी सेक्रेटरींना हळूच विचारलं, तर म्हणाले, त्या श्रीपूरला भाच्याकडे जातील, साखर कारखान्यात आहे ना तो. म्हणजे बाईंचं बिऱ्हाडसुद्धा तुम्ही परस्पर हलवलंत.

आता थोडं मागचं सांगते. तरुण मंडळींना ठाऊक नाही.

अण्णा पोरवयात नाटक कंपनीत गेले. मिसरूड फुटेपर्यंत लुगडं नेसून उभे राहिले, फुटल्यावर खलनायक झाले. मग मुंबईला मूकपटात गेले. कंपनीवाले म्हणाले, बसप्पा मुक्यांच्यात गेला. तिथं त्यांचा एक चित्रपट असा चालला की गावोगाव त्याचे तंबू लागले. अण्णा दुष्ट सेनापती, चंद्राबाई राणी. सेनापती राणीला केस धरून ओढत नेतो. मी फ्रॉक घालणारी मुलगी होते. वडिलांना चोरून आत्यानं मला नेलं होतं.

मूकपट, म्हणजे आवाज नाही. पण आपल्या सोलापुरात पडद्याशेजारी नबीलाल उभा राहायचा. दिवसा टांगा हाकायचा, संध्याकाळी सगळ्या पात्रांचं बोलायचा. राणीचं मराठीत, नोकराचं कानडीत, सेनापतीचं दख्खनीत. त्या केस ओढण्याच्या वेळी तो जे काही बोलला, ते मी या सभेत सांगणार नाही. तंबू शिट्ट्यांनी फाटला. आत्यानं माझे कान झाकले, स्वतःचे उघडे ठेवले.

पुढं काही वर्षांनी अण्णा आणि चंद्राबाई लग्न करून सोलापुरात आले. शुक्रवार पेठेत खोली विचारायला आमच्याच दारात. आत्यानं ओळखलं. म्हणाली, "असल्या घाण तोंडाच्या माणसाला माझ्या घरात जागा न्हाय."

अण्णा म्हणाले, आक्का, मी काही बोललोच नाही, तो मुका सिनेमा होता.

आत्या म्हणाली, "मी माझ्या कानांनी ऐकलंय की."

काय करावं माणसानं? जे बोललो नाही ते सगळ्या गावानं ऐकलंय. अण्णा वळले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. तेव्हा चंद्राबाई पुढं आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, बोलणं कानडी वळणाचं. म्हणाल्या, "त्यांनी माजे केस धरले होते ना, तवा त्यांचं तोंड हलत होतं, ते काय म्हणत होते ठाव हाय का? दुखतंय काय गं? दुखलं तर डोळे मीट, मी ढिलं सोडतो. सगळा वेळ हेच म्हणत होते."

आत्या आत गेली. किल्ली घेऊनच बाहेर आली. त्याच खोल्या पुढं अण्णांनी विकत घेतल्या.

मघाशी एक वक्ते म्हणाले, बोलपट आले आणि अण्णांचा आवाज कमी पडला. आवाज कमी पडला? अण्णांनी गच्चीतून भाजीवालीला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली थांबायची. बोलपटवाले अण्णांना न्यायला आले होते, आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांना अण्णा पाहिजे होते. चंद्राबाई नको होत्या, त्यांची मराठी चालणार नाही म्हणून. अण्णांनी त्यांचा चहा होऊ दिला आणि मग सांगितलं, की आम्ही जोडीनं येऊ, नाहीतर इथं बरे आहोत. इथंच राहिले. गिरणीतल्या पोरांची नाटकं बसवली, मेळे बसवले. तुमच्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली उभं राहायला शिकलात. ज्या माणसानं बायकोला मागं ठेवून बोलपटात पाऊल टाकलं नाही, तो मरताना तिला घराबाहेर काढून गेला? आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?

सेक्रेटरीसाहेब, उठू नका. माझं संपलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, अण्णांनी ही इच्छा तुम्हाला स्वतः सांगितली. तुम्ही मागच्या महिन्यात आला होता, मला आठवतंय. मीच दार उघडलं. पण अण्णांना दिवाळीआधीच लकवा झाला होता. जीभ गेली होती. नुसते ओठ हलायचे. तुम्ही गॅलरीत बसलात, अण्णांचे ओठ हलले, तुम्ही मान डोलावलीत, हो हो, स्मारक नक्की करू. चंद्राबाई तुम्हाला काय म्हणाल्या, आठवतं? म्हणाल्या, "ते म्हंतात, खुर्ची हिकडं ओढा, तुमाला ऊन लागतंय." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

ती अंतिम इच्छा होती, साहेब. तुम्हाला ऊन लागू नये, ही.

तुम्ही मुद्दाम खोटं बोललात असं मी म्हणत नाही. आमची आत्याही खोटारडी नव्हती. तिनं खरोखर ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं असेल. पण आत्यानं निदान दारातल्या बाईचं ऐकून घेतलं.

मंडळी, अण्णांच्या चेहऱ्याला आयुष्यभर दुसऱ्यांनी शब्द लावले. नबीलालनं लावले, त्याचा तो धंदा होता, अण्णांनी त्याला कधी दोष दिला नाही. आपला काय धंदा आहे? त्या ओठांवरचं वाचू शकणारं एकच माणूस या सोलापुरात आहे, आणि आपण तिला खांबाआड बसवलंय.

ठराव मंजूर करायचा असेल तर माझा विरोध लिहून घ्या. पण त्याआधी आपण श्रद्धांजलीसाठी उभे राहणार आहोत. काल मी चंद्राबाईंना म्हटलं, सभेत बोला. म्हणाल्या, मला सभेत बोलाय येत न्हाय, एकच सांगायचं हाय, ते जमलं तर सांगीन.

तेव्हा आजची स्तब्धता सेक्रेटरींच्या घड्याळावर संपणार नाही. कुणी शिट्टी देणार नाही, कुणी 'बसा' म्हणणार नाही. अण्णांच्या फोटोकडे पाठ झाली तरी चालेल, तिसऱ्या रांगेकडे तोंड करा. चंद्राबाई बोलतील तेव्हाच बसायचं. पाय दुखले तर दुखू द्या.

अण्णा, नमस्कार.

उठा सगळे.