विटकरीची भुकटी

सोलापुरात दातांच्या डॉक्टरला दाखवून माय-लेकी अफजलपूरच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या.

"रगत थांबलं का, निलावती?"

"न्हाई, माय. विटकरीच्या भुकटीनं घासून हिरड्या सोलल्यात, म्हणले डॉक्टर. पुढचे दोन दात हलायलेत."

"पर डाग तर तसेच हायती!"

"ते घासून जात न्हाईत. लहानपणापासून बोअरचं पाणी पिलं, त्यानं पडलेत. आता मऊ ब्रशनं हळू घासायचं म्हणले."

"पिवळे दात बघून दोन पाव्हणे उठून गेले. म्हणून तर रोज सकाळी तुला घासायला बसवत होते."

"ऐतवारी तिसरे यायलेत. काय करू मी?"

"तोंड उघडू नको. काय इचारलं तर मान हलव."

"नाव इचारलं तर?"

"नाव मी सांगते."