दुर्बिणीसाठी केलेलं खोकं

(स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर उघडं प्लास्टिकचं खोकं, बॅटरी, वायरींचा गुंता. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं. बाहेर अजून उजेड आहे.)

भाऊ : ...ते सगळं ठीक आहे, पण जेवायचं कुठे ते सांग. टेबलावर तर तू कारखानाच काढलायस.

ताई : ओट्यापाशी उभा राहून जेव. ताट झाकून ठेवलंय. आणि त्या सोल्डरिंगच्या टोकाला हात लावू नकोस, तापलंय ते.

भाऊ : दिवसभर बस चालवून आलोय. उभं राहायला मिळालं तर पायांना बरंच वाटेल. बाबा झोपले?

ताई : नुसते पडलेत. श्वासाचं मशीन लावायचं राहिलंय. तासाभराने लाव. मास्कचा पट्टा मागून घट्ट कर, नाहीतर हवा डोळ्यांत जाते आणि ते मास्क काढून फेकतात.

भाऊ : माहितीये गं. पहिल्यांदा राहतोय का मी?

ताई : वर्षात तिसऱ्यांदा.

भाऊ : झालं हिचं सुरू.

ताई : काही सुरू नाही केलं. तू विचारलंस, मी सांगितलं. जेवून झालं की ही लाल वायर धर जरा. ताणू नकोस, नुसती धर. मला तिसरा हात नाही.

भाऊ : दे, आत्ताच धरतो. एका हाताने जेवता येतं मला. पण मला एक कळत नाही. दुर्बिणीला वीज कशाला? डोळा लावायचा आणि बघायचं, एवढंच ना?

ताई : आकाश सरकत असतं. दुर्बीण त्याच्याबरोबर सरकायला हवी, म्हणून खाली मोटर. वर कॅमेरा. भिंगावर दव बसतं, म्हणून त्याच्याभोवती गरम पट्टा. शिवाय लॅपटॉप. आता उद्या तारे बघायला जायचं त्या माळावर वीज कुठली? म्हणून बॅटरी या खोक्यात बसवायची आणि प्रत्येकाला इथून वायर द्यायची.

भाऊ : तयार नाही मिळत असं?

ताई : मिळतं. आपल्याला हवं ते नसतं त्यात.

भाऊ : आणि ही भोकं अशी भलतीसलती का? हे गोल, हे चपटं, हे आट्यांचं. एकसारखी केली असतीस तर डोक्याला ताप कमी.

ताई : एकसारखीच होती मागच्या खेपेला. तिथे दिवा लावायचा नसतो, सगळं चाचपून लावावं लागतं. पट्ट्याची वायर मोटरच्या जागी गेली आणि मोटर जळली. चांगला धूर निघाला. आता चुकीची पिन चुकीच्या भोकात शिरणारच नाही.

भाऊ : माझ्यासारख्या भोपळ्यालाही जमेल म्हण की.

ताई : भोपळ्या, वायर हलतेय.

भाऊ : सॉरी. बरं ताई, ऐक ना. दोन रात्रींऐवजी एकच रात्र नाही का चालणार तुला?

ताई : वाटलंच मला. ताट निम्मं झाल्यावर निघणार हे.

भाऊ : रजा दोन दिवसांची आहे माझी, तिचा प्रश्न नाही. प्रश्न माझ्या झोपेचा आहे. मागे वीज गेली, मशीन बंद पडलं, बाबा मला उठवायला वाटी आपटत राहिले आणि मी शेजारच्याच खाटेवर ढाराढूर. शेजारच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा उठलो. बाबांचे ओठ निळे पडले होते.

ताई : त्यावरून मी कधी एक शब्द बोलले का तुला?

भाऊ : नाही बोललीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

ताई : बोलायला अंगात जोर लागतो.

भाऊ : म्हणून म्हणतो, हे खोकं इथे ठेवून जा. वीज गेली तर बाबांचं मशीन याच्यावर चालेल. हे असलं तर मी दोन्ही रात्री राहतो. नसलं तर खरंच सांगतो, माझ्याच्याने नाही व्हायचं.

ताई : खोकं ठेवून जाऊ?

भाऊ : चिडू नकोस.

ताई : मग तिकडे काय नेऊ मी? खोक्याशिवाय दुर्बीण म्हणजे नुसतं नळकांडं. ऑफिसातून यायचं, बाबांचं बघायचं, आणि त्यातून कधीतरी अर्धा तास उरला तर हे घेऊन बसायचं. बाकी कशालाच हात लावला नाही मी वर्षभर. हे एवढंच केलं.

भाऊ : बरं, राहू दे. आणि तसं चालणारही नाही म्हणा ते यावर. मशीनवर चोवीस लिहिलंय, आणि तुझी बॅटरी तर बारा व्होल्टची. गाडीतली कळते मला तेवढी.

ताई : चालेल.

भाऊ : कसं?

ताई : त्या कोपऱ्यात चौथं भोक आहे बघ. त्याच्यामागे बाराचे चोवीस करणारं सर्किट आहे.

भाऊ : अच्छा. कॅमेऱ्याला चोवीस लागतात का?

ताई : नाही.

भाऊ : मोटरला?

ताई : नाही.

भाऊ : मग?

ताई : वायर धर नीट.

भाऊ : धरलीये. आणि हे काय, हे काळं बटण?

ताई : दाबू नकोस! दाबलंस ना?

भाऊ : अगं बाई! मुडदा उठून बसेल या आवाजाने!

ताई : बॅटरी संपत आली की वाजतो तो.

भाऊ : माळावर हा भोंगा वाजला तर तुझे ते आकाशवाले तुला दगड मारतील. एवढा मोठा कशाला बसवलास?

ताई : तू उठावास म्हणून.

भाऊ : मी?

ताई : तू नाहीतर कोण? लहान बझर लावून पाहिला होता. मग मनात आलं, याने हा भोपळा कूससुद्धा बदलणार नाही.

भाऊ : म्हणजे तू हे आधीपासून इथे ठेवूनच जाणार होतीस? आणि मी मघापासून हातापाया पडतोय?

ताई : नव्हते रे ठेवून जाणार. दुर्बिणीसाठीच करायला घेतलं होतं. बॅटरी घेताना वाटलं, थोडी मोठी घेऊ, कधी वीज गेली तर बाबांची रात्र निघेल. मग म्हटलं, बॅटरी आहेच तर एक चोवीसचं भोक पाडून ठेवू. मग तुझा तो भोंगा. ठरवून काहीच केलं नाही मी. परवा सगळं आत बसवायला गेले, तर लॅपटॉपच्या भोकाला जागाच नाही उरलेली. इतका राग आला, भिंतीवर आपटणार होते खोकं.

भाऊ : ताई, हळू.

ताई : एक वस्तू. घरात एक वस्तू माझी म्हणून करायला घेतली, तर तिच्यातही बाबाच शिरले.

भाऊ : अगं हळू, दार उघडंय.

बाबा : (आतल्या खोलीतून) शिरलो म्हणजे... मला कुणी विचारलं का... आत यायचं का म्हणून?

ताई : बाबा! झोपला नाहीत तुम्ही?

बाबा : तो भोंगा... वाजवल्यावर? जन्मभर कपडे शिवायला लोकांची मापं घेतली मी... आणि आता मीच कुठे मावेना.

ताई : तसं नव्हतं म्हणायचं मला.

बाबा : तसंच होतं. असू दे. दमलीस की खरं बोलतेस तू. लहानपणापासून. ते खोकं घेऊन जा तुझं. दोन रात्रीत... काही वीज जात नाही.

ताई : आणि गेली तर?

बाबा : गेली तर वाटी आहे माझी.

भाऊ : बाबा, हात जोडतो. वाटीचं नाव काढू नका.

ताई : तुम्ही इकडे या नाहीतर बोलू नका, दम लागेल. खोकं इथेच राहील. रागाने नाही म्हणत मी. तिकडे नेलं तर रात्रभर घरची वीज आहे की गेली, हेच डोक्यात राहणार. त्यापेक्षा इथे असलेलं बरं.

भाऊ : म्हणजे तू जातच नाहीस.

ताई : जाणार ना. सकाळची गाडी आहे.

भाऊ : नुसतं नळकांडं घेऊन?

ताई : नळकांडंही राहू दे. कपाटात आहे, पडून राहील.

भाऊ : मग दोन रात्री माळावर करणार काय?

ताई : झोपेन.

भाऊ : अगं, तिथे लोक जागायला जातात!

ताई : जागू देत त्यांना. मी सतरंजी टाकेन आणि झोपेन. इथे मी झोपते असं वाटतं तुला? मशीनचा आवाज बदलला की डोळे उघडतात. नाही बदलला, तर का नाही बदलला म्हणून उघडतात. कालच अंधारात भिंतीला टेकून बसले होते, बाबांचा पुढचा श्वास येतो की नाही ते ऐकत. मला तारे नकोत रे आत्ता. कुणाचाच श्वास ऐकू येणार नाही अशा ठिकाणी झोपायचंय मला. आता म्हण काहीतरी.

भाऊ : काय म्हणू?

बाबा : मी म्हणतो. तुझी रजा... वाढवून मिळेल का रे?

भाऊ : एक दिवस मिळेल. डेपोत फोन करून बघतो.

बाबा : बघू नकोस. घे.

ताई : बाबा, नको. दोन पुरेत मला. खरंच पुरेत. तुम्हाला वाईट वाटलं ना? मला बोलायचंच नव्हतं हे.

बाबा : वाईट वाटलं. वाटायचंच. तीन रात्री राहा.

ताई : बरं. पोचले की फोन करते, आणि रोज रात्री मशीन लावायच्या वेळेला...

बाबा : फोन करायचा नाही. आम्ही दोघं उचलणार नाही.