जबाबदार व्यक्ती: मेरीमाता

आता बघा, या गोष्टीत फादर कशावरून आले यावरच लोकांचं एकमत नाही, तर पुढचं काय सांगावं... निमगाव सावात सांगतात तेव्हा ते मोटारसायकलवरून येतात, पेठ हमरस्त्यावरचं गाव, तिथं जीपमधून येतात, आणि तळेघरला सांगतात त्या पाठात बिचारे चालत येतात, कारण तिथं एसटीचाच भरवसा नाही तर फादरांचा कुठून असणार? म्हणजे वाहन सांगणाऱ्याच्या रस्त्याप्रमाणे बदलतं. पण तिन्ही पाठांत एक वाक्य जसंच्या तसं, सिस्टर लुर्डिनांचं: आराखडा म्हणजे आराखडा.

तुम्हाला सांगतो, साल अठ्ठ्याण्णव, मिशनची चौथीपर्यंतची शाळा, आणि अंजनाबाई तिथं चार वर्षं तात्पुरत्या... दर जूनला नवं पत्र, दर एप्रिलला रामराम. मुख्याध्यापिका सिस्टर लुर्डिनांनी त्यांना बोलावून सांगितलं, मिशनच्या पुण्याच्या ऑफिसानं पाच वर्षांच्या सुधारणेचा आराखडा मागितलाय, पालकांकडून भरून आणा, मंजूर झाला तर तुम्ही कायम, नाही तर जूनमध्ये पत्र नाही. कागदावर रकाने तीन: काय सुधारायचं, जबाबदार व्यक्ती, कधीपर्यंत.

बाई निघाल्या घरोघर. पहिलं घर ठमाबाईंचं, नात तिसरीत. ठमाबाईंना लिहिता येत नाही, त्या सांगणार, बाई लिहिणार.

"लिव्ह, पोरींच्या मुतारीला दार."

"जबाबदार व्यक्ती?"

"आपल्यानं हुतंय व्हय? लिव्ह, मेरीमाता."

"कधीपर्यंत?"

"तिला सवड झाली की."

इथवर ठीक होतं हो... पण मग ठमाबाईंनी विचारलं, आपण काय द्यायचं ते कुठं लिहायचं? रकानाच नाही? नुसतं मागून कुठला देव ऐकतो, कसला अडाणी कागद हा? आता काय चुकलं त्यांचं? मागणं आलं, देव आला, मुदत आली, मग बोली नको, देवाला काय देणार ते? नवसाची सगळी अंगं कागदात होती, एकच राहिलं होतं. बाईंनी पट्टी घेतली, चौथा रकाना आखला आणि लिहिलं: कोंबडी, एक. पुढं प्रत्येक घरी विचारणा, ठमाबाईंनी काय लिवलंय? तेच आमचं. तिच्यापेक्षा कमी कोण बोलणार, राव? बावीस कागद, बावीस दारं, बावीस वेळा मेरीमाता. सिस्टरांनी कपाळाला हात लावला, पण तारीख उद्याची, आणि आराखडा म्हणजे आराखडा.

आराखडा तपासायला फादर आले. कशावरून का येईनात, आले. पटांगणात मातेच्या मूर्तीसमोर खुर्ची, पुढं सगळे पालक. वाचता वाचता फादर थांबले... आता करायचं काय? मातेला जमणार नाही म्हणावं, तर ते म्हणणार कोण, फादर? जमेल म्हणावं, तर पुण्याला दाखवायचं कसं? शेवटी त्यांनी हळूच विचारलं, या व्यक्तीकडे पाठपुरावा कोण करणार? अंजनाबाईंची चार वर्षं त्या एका उत्तरावर आलेली... बाई म्हणाल्या, "आम्ही रोज करतो, फादर. प्रार्थनेच्या तासाला."

फादरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग तळाशी तेविसावा कागद निघाला, भरणाऱ्यानं स्वतःच लिहून दिलेला. काय सुधारायचं: दार. जबाबदार व्यक्ती: मी. कधीपर्यंत: रविवार. चौथा रकाना कोरा. फादरांनी विचारलं, हा मी कोण? मागून राजरत्न उठला, पेठच्या रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान.

"आमच्यात नवस नसतो, फादर. पोरगी माझी, प्रज्ञा, सकाळधरनं पाणी पीत न्हाई शाळेत. दार न्हाई म्हणून. रविवारी बसवतो."

फादर म्हणाले, रविवारी दार लागलं तर आराखडा मंजूर. सिस्टर म्हणाल्या, फादर, बाकी बावीस कागद काढून टाकू का? फादर म्हणाले, राहू द्या... आराखडा म्हणजे आराखडा.

रविवारी दार लागलं, आतून कडीसकट. सोमवारी प्रज्ञा दोन पेले पाणी प्यायली, आणि प्रार्थनेला ठमाबाई हजर, मागं एकवीस जण, प्रत्येकाच्या काखेत बोलीची कोंबडी. सिस्टर म्हणाल्या, अहो, दार राजरत्ननं बसवलं. ठमाबाई म्हणाल्या, "बसवलं त्यानंच. पर त्याला सुचवलं कुणी?" राजरत्न हसला आणि दुकानावर निघून गेला. फादरांना निरोप गेला. फादर कळवतात, देणगी परत करू नये. सिस्टर म्हणतात, शाळेत कापाकापी चालणार नाही.

त्याच आठवड्यात ऑर्डर आली. अंजनाबाई कायम झाल्या. कोंबड्याही.