शेजाऱ्याची मॅच

हॅलो?… झोहरा, मी विशाखा बोलतेय… हो, फोन यासीनचाच आहे. माझ्याकडे देऊन आत गेलाय… अगं ऐक ना, घाबरू नकोस. बरा आहे तुझा नवरा, बोलतोय. मनगट मोडलंय… उजवं. प्लास्टर घालतायत, मी बाहेर बसलेय.

हो, मॅचमध्येच. जिदहफ्सच्या मैदानावर… हो, रेफ्री मीच होते.

नाही, नाही, ऑपरेशन नको म्हणाले… गॅरेजमध्ये कळवलंय. सुपरवायझर म्हणाला, बरा होऊन ये… तू लगेच इकडे यायला विमानाचं तिकीट काढू नकोस. अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी ना? मग? तू रत्नागिरीलाच थांब. मी आहे की इथे, खालच्याच मजल्यावर… काय? मी आहे म्हणून तुला काळजी नाही?… नको गं, असं म्हणू नकोस… नको म्हणते ना!

…नाही, रडत नाहीये. थांब. आधी ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल.

मॅचच्या आधी समोरच्या टीमचा कॅप्टन आला. सगळ्यांसमोर हसत म्हणाला, ‘मॅडम, आज तो आपके पडोसी का मॅच है’… हो, एवढंच. पण मला झोंबलं. बाई रेफ्री म्हणून आधीच… हो ना, तुला माहितीये. म्हटलं, आज कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही.

शेवटची पाच-सात मिनिटं उरली होती. यासीनची टीम एका गोलने पुढे. कॉर्नर आला, याने बॉल पकडायला उडी मारली, दोघं-तिघं अंगावर आदळले. हा खाली. उठेना… हो, वेळ काढतो तो, लेस बांधत बसतो, मला काय ठाऊक नाही? तेच वाटलं आधी. पण झोहरा, मी त्याचा चेहरा पाहिला. पांढराफटक. पाहिला, आणि तरी… समोरचे ओरडत होते, ‘नाटक है, मॅडम, नाटक!’ मी गेले आणि म्हटलं, ‘यासीन, ऊठ. खलास. नाटक पुरे.’ वर पिवळं कार्ड दाखवलं.

उठला ना! हात पोटाशी धरून गोलमध्ये जाऊन उभा राहिला… हो, तसाच. पुढचा बॉल अगदी साधा होता गं, जमिनीलगत आलेला. त्याने हात घातला आणि असा ओरडला… बॉल आत गेला. मी शिट्टी वाजवली… हो, गोल दिला. आधी गोल दिला, मग त्याच्याकडे धावले. ग्लोव्ह काढायला गेले तर निघेचना, इतकं सुजलेलं.

काय?… मोडलं कधी?

डॉक्टर म्हणतात, पडला तेव्हाच मोडलं असणार… नंतरच्या बॉलने वाढलं का? मीही तेच विचारलं. सांगता येत नाही म्हणाले.

नाही, कळलं नाही असं मी म्हणणार नाही. दुसरा कुणी असता तर खेळ थांबवला असता. परवा एकाला नुसतं खरचटलं तर थांबवला होता की… यासीन होता म्हणून नाही थांबवला. माझी अक्षता शाळेतून येऊन रोज तुमच्या घरी जेवते, म्हणून नाही थांबवला. कळतंय का तुला? मला लोकांना दाखवायचं होतं.

बोल ना काहीतरी. शिव्या दे…

हो… हो… बरोबर आहे तुझं… नाही, तू बोल. ऐकतेय मी…

…नाही, जेवला नाहीये. चहा घेतला फक्त… बरं. खिमट करते. गरमच देते… हो, वरून तूप… अक्षता? ती घरी आहे. का?… अगं, तिला कशाला तोडेन मी तुमच्यापासून? तूच नको म्हणालीस तर… बरं. बरं. नाही विचारत.

आत्ता माझ्याशी बोलायचं नाहीये… ठीक आहे. नको बोलूस. पण ठेवू नकोस, तो आलाच बाहेर.

यासीन, ये, इथे बस. झोहरा आहे फोनवर… हे बघ, जिन्यावरून पडलो असं काही सांगू नकोस. मला वाचवायला खोटं बोलू नकोस. सांगितलंय मी तिला… हो, सगळं.

घे. डाव्या हातात धर.