रंगाखालचं नाव

त्या पेंटरवर माहा पयल्यापासूनच भरोसा नव्हता. बाबाचा जुना रीळवाला कॅमेरा रंगवाले मी अमरावतीहून अकोल्याले नेला, अन् त्यानं लेन्स बदलून घेऊ नये म्हणून त्याच्या दुकानातच ठिय्या देऊन बसलो.

निघताना बाबानं बजावलं होतं, "जुना रंग खरडू देऊ नोको. वरूनच मारून आण."

पेंटर म्हणे, "खरडल्याबिगर नवा रंग धरत नाही, भाऊ." अन् लागला घासाले.

जरा वेळानं त्याचा हात थांबला. मले वरून खालून न्याहाळत म्हणे, "कॅमेरा तुमचाच आहे ना?"

"मंग कोनाचा?"

त्यानं वरचं झाकण पुढं केलं. काळ्या रंगाखाली, भांड्यावर टाकतात तसं, नाव कोरलेलं होतं: वसंत.

वसंत म्हणजे माहा मामा. आईबाबाच्या लग्नात त्याचा कॅमेरा चोरीले गेला, अन् तवापासून तो बँडवाल्यावर शक करून राहिला.

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, रंगाखाली मामाचं नाव निघालं."

बाबा हळूच म्हणे, "रंगाचे दोन जाड हात मार म्हणाव त्याले. मामा रविवारी जेवाले येऊन राहिला."